एका टाक्याची तयारी

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. धंदा वाढला की माणसाला शिस्त लागते. शिस्त नसलेला मेकॅनिक आणि अर्थिंग नसलेला बोर्ड, दोघेही एक दिवस झटका देतात. (वाक्य बरं जमलं. गिऱ्हाइकांना ऐकवावं.)

सकाळी वहिनी दुकानात आल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. दहा महिने झाले. दारात थांबून चपला काढल्या. दुकानात कोणी चपला काढत नाही. म्हणाल्या, भावजी, घर आवरायला काढलंय, पोरीकडे कायमची चालले. अठ्ठावीसला टेम्पो ठरलाय. ह्यांचा अ‍ॅम्प्लिफायर झालाय का? पोरगी म्हणते, चालू असेल तर आण, बंद धूड ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

मी म्हटलं, वहिनी, अठ्ठावीस म्हणजे फारच झालं. पंधराला घेऊन जा.

त्या गेल्यावर आतल्या टेबलापाशी गेलो. दादाने ठेवला होता तसाच आहे. उलटा, पोट वर. स्वतःच्या हाताने बांधलेला, स्वतःच्या घरचा, म्हणून गिऱ्हाइकांचं संपवून दुपारी घेऊन बसायचा. त्या दुपारीही तेच. फिल्टरचा कंडेन्सर बदलत होता. नव्या कंडेन्सरचा एक पाय सोल्डरने टाचलेला आहे. दुसरा पाय मोकळा, हवेत. तेवढ्यातच कपाळ टेबलाला टेकलं त्याचं.

म्हणजे राहिलाय एक टाका. दोन मिनिटांचं काम.

दोन मिनिटांचंच असल्यामुळे आज घेतलं नाही. घाई करायचं कारणच नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नीट पाहणी केली. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे वरून काचसामानाचं दुकान आणि खालून वायरींचं जंगल. दुरुस्ती खालच्या अंगाने, म्हणून उलटा घालावा लागतो. उलटा घातला की काचसामान आलं खाली. मेख इथे आहे. लोकांना वाटतं मेकॅनिकचं कसब हातात असतं. कसब असतं आधारात.

दादाचा आधार म्हणजे दोन लाकडी ठोकळे. एका अंगाला ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या डोक्यावर उभे, दुसऱ्या अंगाला ठोकळे, आणि मध्ये व्हॉल्व्ह लोंबतायत वटवाघळांसारखे. खाली बोटभर फट. दहा महिने त्या बोटभर फटीवर आहेत. असे व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत. दादाने एकेक पारखून जुळवलेले. त्यातला एक फुटला तर वहिनींनी न्यायचं काय, पत्र्याचा डबा?

एरवी उलटा करायच्या आधी दादा व्हॉल्व्ह काढून जुन्या मोज्यांत गुंडाळून ठेवायचा. या खेपेला का काढले नव्हते, कोण जाणे. आता मी काढावेत, तर पिना घट्ट बसल्या असणार. ओढताना काच हातात यायची.

ठरलं. आधी भक्कम घोडी, मग टाका.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या सुताराला माप दिलं. म्हणाला, शेठ, दादा तर ठोकळ्यांवरच करायचे. म्हटलं, दादाचा काळ वेगळा होता. म्हणाला, दहा महिन्यांत काळ बदलला होय. देवाने याला रंधा द्यायला हवा होता, जीभ द्यायची गरज नव्हती. पण माणूस कामाला चोख.

मी स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस आहे. सातवीनंतर सायकलला दोन भोंगे बांधले आणि सभा-समारंभ करत सुटलो. (भोंगे दादाने भंगारातून जोडून दिलेले. पण सायकल माझी.) पुढे दुकान. पाटीवर नाव माझं. आत बसून दुरुस्त करायचा दादा, तो तपशिलाचा भाग. धंदा म्हणजे काउंटर. काउंटरवर मी.

एवढं सगळं उभं केलं त्याला एक घोडी उभी करायला किती वेळ लागणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

घोडी आली. सागवानी. सुताराने वर पॉलिश मारून आणलं. देखणी आहे.

ठोकळ्यांवरून घोडीवर हलवायचा प्रश्न होता. माझी पाठ धरली आहे. (सकाळपर्यंत ठीक होती.) सुताराला म्हटलं, तूच उचल. त्याने लहान मूल उचलावं तसा अलगद उचलला. खाली टेबलावर दहा महिन्यांची धूळ आणि त्यात अ‍ॅम्प्लिफायरच्या सावलीएवढी स्वच्छ जागा. दोन्ही ठोकळे तसेच उभे. सुतार म्हणाला, हे टाकू का? मी म्हटलं, राहू दे, कशाला तरी उपयोगी पडतील.

बायकोने संध्याकाळी विचारलं, झाला टाका? सांगितलं, पायाभरणी चालू आहे. म्हणाली, नमनालाच घडाभर तेल.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिली चाचणी. टाका मारण्याआधी आहे त्या स्थितीत एकदा चालवून बघणं हीच शास्त्रशुद्ध पद्धत. थेट भिंतीतल्या प्लगमध्ये नाही घातला. मध्ये सिरीज बल्ब. साधा पिवळा बल्ब असतो. आत कुठे शॉर्ट असेल तर तो भगभगून पेटतो, सगळा करंट स्वतःच्या अंगावर घेतो, आणि पलीकडचा वाचतो. घरातल्या थोरल्या भावासारखा.

कंडेन्सरचा पाय सुटा, त्यामुळे घुरघुर येणारच. ती आली. व्हॉल्व्ह तांबूस झाले. बल्ब मंद झाला, मग जरा वाढला, पुन्हा मंद. श्वास चालल्यासारखा. भर दुपार, शटर अर्धं खाली, रस्ता झोपलेला. बल्ब काढून थेट लावून बघावं का, अशा विचाराने मी पुढे वाकलो आणि स्पीकरमधून खोकला आला.

दोन बारके, एक लांब. घसा खरवडल्यासारखा.

दादाचा.

बंद केलं. बाहेर येऊन चहा सांगितला. दोन सांगितले. सवयीने.

११ नोव्हेंबर, मंगळवार

झोप उत्तम लागली. (बायको म्हणते, नाही.)

कारण सापडलं. पहिला व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय. जुना व्हॉल्व्ह आतून सैल झाला की माइकसारखा वागू लागतो. टेबलाला धक्का लागो, कोणी जवळ बोलो, तो पकडतो आणि स्पीकरमधून बाहेर काढतो. पेन्सिलीने टिचकी मारली, टण्ण वाजलं. सिद्ध झालं. खोलीतला आवाज तो परत देतो, बस.

खोलीत मी एकटा होतो, आणि मी काही खोकलो नव्हतो. माझे कान इतके तयार आहेत की समोरच्या इमारतीत कितव्या मजल्यावरचा पंखा कुरकुरतोय ते मी इथून सांगतो. मी खोकलो असतो तर सगळ्यात आधी मला कळलं असतं.

एवढा मुद्दा सोडला तर विषय संपला.

दुपारचा डबा काउंटरवर खाल्ला. टेबलाकडे पाठ करून नव्हे, रस्त्याकडे तोंड करून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घुरघुरीच्या थरथरीने घोडीवरून अ‍ॅम्प्लिफायर बोटभर सरकला. पॉलिशचा दोष. सुताराला सुनावलं. म्हणाला, शेठ, दोन मिनिटांच्या टाक्यासाठी तो तासभर चालू कशाला ठेवायचा?

कशाला म्हणजे? निरीक्षण.

आणि निरीक्षणात पुन्हा तोच खोकला. तीनदा. प्रत्येक वेळी मी सोल्डरिंगचं आयर्न हातात घेतलं तेव्हा. लहानपणापासून मी या खोकल्याखाली वाढलोय. चूक दिसली की दादा बोलायचा नाही, नुसता खोकायचा. मग आपण आपली चूक शोधत बसायची. आता चूक कुठली असेल ते शोधलं. घोडी. घोडी त्याला पसंत नाही. दोन्ही टोकांना घट्ट धरणारं, हवं तसं फिरवता येणारं काहीतरी पाहिजे.

सुताराला नवं चित्र काढून दिलं. दोन खांब, मध्ये दोन जबडे, त्यात अ‍ॅम्प्लिफायर आडवा टांगलेला, कुठल्याही कोनात फिरेल. सुताराने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, याला आम्ही पाळणा म्हणतो.

म्हणो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कबूल केलेला दिवस. वहिनी आल्या. त्यांना पाळणा दाखवला. फिरवून दाखवला. जबड्यांना आतून स्पंज लावलाय. (बायकोची उशी. तिला एक जास्तच होती.) वहिनी म्हणाल्या, छान झालाय हो. आणि टाका? म्हटलं, आता काय, नुसता टाकाच राहिलाय.

मग त्या दादाच्या स्टुलावर बसल्या. त्या स्टुलावर कोणी बसत नाही, मीसुद्धा उभ्यानेच काम करतो. त्या सरळ बसल्या. मी चालू करून दाखवला. बल्ब, घुरघुर, तांबूस व्हॉल्व्ह. आणि खोकला. दोन बारके, एक लांब. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

बराच वेळ बसल्या. उठताना म्हणाल्या, उद्या रविवार ना. सोमवारी येते परत.

त्यांनाही ऐकू आला. मी विचारलं नाही. विचारायचं असतं का असं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

वहिनी भाजी निवडायला घेऊन आल्या. घरात सगळं बांधून ठेवलंय, बसायला जागा नाही म्हणे. स्टुलावर बसून निवडत होत्या. मी अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून पाळण्याचे स्क्रू तपासले. दोघंही बोलत नव्हतो. दादा असताना मी काउंटरवरून आत डोकावलं की असंच असायचं.

तेवढ्यात सुतार आत आला आणि त्याच्या खिशातला पटाशीचा दांडा टेबलावर पडला. व्हॉल्व्हपासून वीतभर. स्पीकरमधून खोकला आला, चांगला मोठा.

घ्या. खालून आधार आहे, बाजूने पकड आहे, पण वरून काय? कोणाचा पाना पडला, कोणाची पटाशी पडली, तर? दादाला हेच सांगायचं होतं.

जाळी हवी. चहूबाजूंनी.

सुतार म्हणाला, घोडी झाली, पाळणा झाला, आता पिंजरा. शेठ, पुढच्या वेळी एकदम घरच बांधून घ्या त्याला. वहिनी हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात. हसणं थांबवायला त्यांना पदर लागला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पिंजरा आला, बसला. जाळी बारीक. मुंगी जाणार नाही. आता आभाळ कोसळलं तरी त्या व्हॉल्व्हना धक्का नाही. इतका सुरक्षित अ‍ॅम्प्लिफायर आजपर्यंत कोणी पाहिला नसेल. समाधान वाटलं.

टाका मारायला गेलो. आयर्न आत जात नाही.

जाळी कापून आयर्न जाईल एवढं भोक केलं तर हात जात नाही. हात जाईल एवढं केलं तर पाना जाईल. पाना जाणार असेल तर पिंजरा कशाला? प्रश्न मोठा आहे. असे प्रश्न पाट्या टाकणाऱ्या मेकॅनिकला पडतच नाहीत, म्हणून त्यांची कामं पटापट होतात.

वहिनी म्हणाल्या, आठ दिवस राहिले, भावजी. म्हटलं, एक टाका, आठ दिवस. गणित करा तुम्हीच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बायको म्हणाली, अहो, त्या खोकल्याचं काहीतरी बघा.

मी चमकलो. विचारलं, तुलाही ऐकू येतो? म्हणाली, मला काय, खालच्या मजल्यालाही येतो. म्हटलं, घरातसुद्धा? म्हणाली, घरात कमी. दुकानातून फोन करता तेव्हा तर सारखाच. गेलं वर्षभर चाललंय, ह्या हिवाळ्यात वाढलाय.

बरं वाटलं. म्हणजे भास नाही. बायको सहसा माझ्या बाजूने बोलत नाही, तिची साक्ष म्हणजे पक्की साक्ष. तिने डॉक्टरचं नाव काढलं. मी म्हटलं, याला डॉक्टर काय करणार. तिने कपाळाला हात लावला, माझ्या नव्हे, स्वतःच्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज निर्धार केला. सिरीज बल्ब काढून थेट प्लगमध्ये लावायचा. टाका होईल तेव्हा होईल, निदान पूर्ण व्होल्टेजवर उभा राहतो का ते कळेल. वहिनी स्टुलावर होत्या. प्लग हातात घेतला. हात पुढे केला.

खोकला. दोन बारके, एक लांब.

प्लग परत बल्बच्या बोर्डात.

दादाने मनाई केल्यावर मी पुढे जाणार नाही. थोरल्यांचा मान म्हणून. भीती वगैरे नाही. बल्ब मात्र आज फार जोरात श्वास घेत होता. मी बघत बसलो, वहिनी ऐकत बसल्या. दुपार कधी गेली कळलं नाही. गिऱ्हाईक काउंटर वाजवून वाजवून निघून गेलं असं सुतार सांगत होता.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नवा विचार. बंद केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही करंट बसून राहतो. प्लग काढला, व्हॉल्व्ह गार झाले, वाटतं सगळं शांत आहे, आणि हात घातला की उडवतो. दादा म्हणायचा, मेलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर भरवसा ठेवायचा नाही, तो आपण गेलोय हे विसरतो. असं म्हणायचा आणि आतला करंट निघून जाईपर्यंत शांत बसायचा.

मीही बसलो. किती बसायचं ते त्याने कधी सांगितलं नव्हतं. सुरक्षितता म्हणून दिवसभर बसलो.

पोरीचा फोन आला होता. काका, आई रोज दुकानात असते म्हणे, पॅकिंग कोण करतंय? आणि तो अ‍ॅम्प्लिफायर होणार आहे का नाही, एकदा सांगून टाक. टेम्पोत जागा धरायची का? म्हटलं, धर. मधली जागा धर, धक्के कमी बसतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पिंजऱ्याला सुताराकडून छोटं दार करून घेतलं, बिजागरी आणि कडीसकट. आयर्न तापवलं. दार उघडलं. हात आत घातला.

जवळून पाहिला तर दादाचा टाका दिसला, पहिल्या पायाचा. पाण्याचा थेंब गोठावा तसा. गुळगुळीत, चकचकीत, दहा महिन्यांत त्यावर धुळीचा कणसुद्धा नाही. त्याच्या शेजारी आता माझा टाका पडणार. मग तो अ‍ॅम्प्लिफायर झाला. मग हे टेबल रिकामं.

सोल्डर पायावर न पडता बाजूला पडलं. टेबल हललं असणार. सुताराने शेजारी करवत चालू केली होती. (तो म्हणतो, आज दुकान बंद ठेवून दार बसवायला तुमच्याकडेच होतो ना.)

उद्या सकाळी पहिलं काम हे. टेम्पो अकराला येतो. भरपूर वेळ आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

टेम्पो लवकर आला. हल्ली वेळेवर कोणी काही करत नाही.

वहिनी टेम्पोतून उतरून आत आल्या. आज चपला काढल्या नाहीत, घाई होती. मी आयर्न हातात घेऊन उभा होतो, दार उघडं, पाळणा योग्य कोनात, बल्ब चालू. त्या म्हणाल्या, भावजी, मारा टाका, मी थांबते. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी पुढे झुकलो आणि खोकला आला.

मी आयर्न खाली ठेवलं. म्हटलं, वहिनी, तुम्हीच ऐकलंत. दादा नको म्हणतोय. अजून काहीतरी राहिलंय.

वहिनींनी बोर्डाचं बटण बंद केलं. बल्ब विझला. घुरघुर बसत बसत संपली. व्हॉल्व्ह काळे पडले. स्पीकर मेला. खोलीत इतकी शांतता की मला समोरच्या इमारतीतले सगळे पंखे ऐकू येत होते. आणि त्या शांततेत पुन्हा खोकला आला. दोन बारके, एक लांब. स्पष्ट. अगदी जवळून.

मी म्हटलं, बघा, बंद असतानाही.

वहिनी म्हणाल्या, भावजी, तुम्ही खोकलात. पहिल्या दिवसापासून तुम्हीच खोकताय. हुबेहूब ह्यांच्यासारखा. तेच ऐकायला तर मी येऊन बसत होते. डोळे मिटले की झालं.

दुःखाने माणसाला काहीही वाटू शकतं. जाणाऱ्या माणसाला दुखवू नये म्हणून मी नुसती मान हलवली.

म्हटलं, दोन मिनिटं द्या फक्त. त्यांनी पिंजऱ्याच्या दाराची कडी लावून टाकली. म्हणाल्या, राहू दे. तुमच्याकडून नाही व्हायचा तो. का ते मला कळतंय. स्टुलावर एकदा हात फिरवला आणि गेल्या. टेम्पोत मधली जागा रिकामी ठेवली होती. ड्रायव्हरने तिथे गाद्या सरकवल्या.

सुतार दारात उभा होता. पहिल्यांदाच काही बोलला नाही. तेवढं एक बरं झालं.

नोंद: बंद असतानाही आवाज येण्याचं कारण, कंडेन्सरमध्ये उरलेला करंट. बाकी काही नाही.

१ डिसेंबर, सोमवार

बायकोने औषध आणलंय. खोकल्याचं. वहिनींनी जाता जाता तिला फोन केला म्हणे. बायका बायकांचं ऐकतात. घेतोय, तिच्या समाधानासाठी. दोन दोन चमचे. फार गोड आहे.

दुकानात अ‍ॅम्प्लिफायर चालू करून बसलो होतो. आज एकदाच आला, तोही अर्धवट. दोन बारके आले, लांब आलाच नाही.

३ डिसेंबर, बुधवार

आज अजिबात नाही.

सकाळपासून घुरघुर नुसती. बल्बही एकसारखा जळत होता, वर नाही, खाली नाही. तासभर वाट पाहिली. पेन्सिलीने टिचकी मारली, टण्ण वाजलं. म्हटलं, दादा, काय झालं? माझाच आवाज स्पीकरमधून पत्र्याच्या डब्यातून यावा तसा परत आला. त्यानंतर काही नाही.

गिऱ्हाईक आलं होतं. त्याला त्या आवाजाच्या माणसाला भेटायचं होतं. दादाबद्दल विचारत होता. सांगितलं, आत आहे, कामात आहे. मग दुरुस्त केलं, म्हटलं, नाही आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

तीन दिवस खोकल्याची हरकत नाही. म्हणजे दादाने परवानगी दिली. स्वच्छ अर्थ आहे.

पिंजरा काढला. आयर्न तापवलं आणि टाका मारला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दादाच्या टाक्याशेजारी जरा गबाळा दिसतो, पण पकड पक्की आहे. पाळण्याच्या जबड्यातून सोडवला. पाठ आज ठीक होती. दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. दहा-अकरा महिन्यांनी व्हॉल्व्ह वर आले. सगळे शाबूत. बल्ब बाजूला करून थेट भिंतीत लावला.

वाजला. घुरघुर शून्य. असा आवाज, की सुतार हातातलं काम टाकून आला आणि दारात उभा राहिला. म्हणाला, शेठ, दादा असते तर. मी म्हटलं, हो, खूश झाला असता. म्हणाला, मी तेच म्हणणार होतो.

लगेच पोरीला फोन लावला. म्हटलं, झालाय, उद्याच पाठवतो, मोफत, माणूस बरोबर देतो. ती म्हणाली, काका, खरंच आता नको. ठेवायचा कुठे? आईला छोटा स्पीकर घेऊन दिलाय, कपाएवढा आहे, उशाशी ठेवते. छान वाजतो. थांब, आईला देते.

वहिनी आल्या. बऱ्या आहेत. पोरीने खिडकीजवळची जागा दिलीय. स्पीकरचा आवाज कसा आहे विचारलं, म्हणाल्या, बरा आहे हो, लहान आहे पण बरा आहे. अ‍ॅम्प्लिफायर तुमच्याकडेच राहू दे.

मग हळू आवाजात म्हणाल्या, भावजी, जरा खोका बघू.

मी दारातल्या सुताराकडे पाठ केली. घशात काहीच नव्हतं. तरी खोकलो. दोन बारके, एक लांब. शेवटी घसा खरवडला, जमेल तितका हुबेहूब.

पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाल्या, नाही. हा तुमचा.

मी म्हटलं, लाइन खराब आहे.